‘वॉकर’ म्हणजे चालणारा नव्हे

‘वॉकर हे इंग्रजी आडनाव पायी निरोप पोहोचवणाऱ्या जासुदांवरून पडले’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा असल्यामुळे हा खुलासा. हे आडनाव कापडाच्या धंद्यातून आले आहे. मागावरून उतरलेले लोकरी कापड विरळ आणि तेलकट असे. ते पाणी, साठवलेले मूत्र आणि आपण जिला मुलतानी माती म्हणतो त्या जातीची माती यांत भिजवून, हौदात उभे राहून पायांनी बराच वेळ तुडवले की तेल निघून जाई आणि धागे एकमेकांत गुंतून वीण दाट होई. हे काम करणाऱ्याला जुन्या इंग्रजीत ‘वेअल्केरे’ म्हणत. त्यामागच्या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘लोळणे, घुसळणे’ असा होता; ‘चालणे’ हा अर्थ मध्ययुगात रूढ झाला. चुकीच्या व्युत्पत्तीमुळे या कारागिरांचे श्रमच पुसले जातात, हे मला अधिक खटकते. उत्तर इंग्लंडमधील वॉकर, आग्नेयेकडील फुलर आणि नैर्ऋत्येकडील टकर ही तिन्ही आडनावे याच कामाची आहेत. पुढे पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे कापड कुटू लागले, तरी वॉकर हे नाव टिकून राहिले.