गरिबीला गुरू म्हणू नका

आज भाचीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात आनंद यादवांच्या 'झोंबी' ह्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचं नाव घेतलं तेव्हा मी सावरून बसले. खेड्यातल्या शाळेच्या स्टेजवरून 'झोंबी'बद्दल कुणी बोलतंय म्हटल्यावर बरंच वाटलं. पुढे ते जे बोलले ते मात्र अजून डोक्यातून जात नाहीये. आनंदाला गरिबीने घडवलं म्हणे. गरिबी हाच खरा गुरू. परिस्थितीचं कारण सांगणारा माणूस आयुष्यात काही करू शकत नाही. हे शेवटचं वाक्य पोरांकडून मोठ्याने म्हणवूनही घेतलं. मागच्या रांगेत माझा थोरला भाऊ, अण्णा, बसला होता. आठवीनंतर त्याचं नाव शाळेतून काढलं. त्यानेही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून जीव जळतोय. म्हणून लिहितेय.

'झोंबी' वाचलेल्या माणसाने असं बोलावं? 1987 साली आलेली कादंबरी, पुढे साहित्य अकादमी मिळालेली. पु. लं.नी तिला बाल्य हरवलेलं बालकांड म्हटलं होतं. हरवलेलं! त्या कादंबरीत गरिबी कुणाला काही शिकवत नाही, ती पोराच्या हातातली पाटी काढून घेते. कागलसारख्या गावात बाप पोराला शाळेतून काढून मळ्यात जुंपतो. पोराला कळतंय की जन्मभर ह्या मातीत राबलो तरी हाताला काही लागणार नाही. पण बापापुढे तोंड उघडायची टाप नाही. मग मायलेक रात्री दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जातात, सगळं सांगतात, आणि आम्ही येऊन गेलो हे बोलू नका म्हणून विनवतात. बापाला वाड्यावर बोलावणं जातं, थोड्या वेळाने पोरगा त्याला शोधत आल्यासारखं करून तिथे पोचतो. देसाई बापाला झापतात. तेव्हा कुठे शाळा सुरू होते.

म्हणजे काय झालं? आईने नवऱ्याला फसवलं. पोराने बापाला फसवलं. एका वजनदार माणसाने शब्द टाकला. त्या पोराचं शिक्षण त्या रात्रीच्या लबाडीवर उभं आहे. पाहुण्यांच्या भाषणात ती रात्रच नव्हती! आपण एकीकडे पोरांना 'श्यामची आई' देतो, खरं बोल म्हणून सांगणारी. ती आई मला प्रिय आहे, साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलेलं ते पुस्तक आमच्या घरात कव्हर घालून जपलेलं होतं. पण ही दुसरी आईही तेवढीच मोठी आहे. पोरगं शिकावं म्हणून खोटं बोलणारी, आणि उद्या कळलं तर मार खायची तयारी ठेवून बोलणारी.

आमच्या घरी अण्णासाठी असं रात्रीचं कुणाच्या वाड्यावर जाणारं कोणी नव्हतं. वडील आजारी पडले, विहिरीवरची मोटार त्याच वर्षी जळाली, आणि उसाला पाणी देताना दारं धरायला माणूस पाहिजे होता. रात्रीची लाईट असली की अण्णा रात्रभर उसात. सकाळी वर्गात डुलक्या. मग हजेरी कमी भरली, मग नाव गेलं. हेडमास्तर एकदाही घरी आले नाहीत. त्याचं गणित माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. आजही साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉलीचं भरलेलं आणि रिकामं वजन कळलं की पावती छापून यायच्या आत तो निव्वळ टन आणि पहिल्या उचलीचे, म्हणजे पहिल्या हप्त्याचे, पैसे तोंडी सांगतो. मी शिकले ते त्याच उसाच्या पैशावर शिकले.

आता सांगा, त्याला गरिबीने घडवलं की नाही? तीच गरिबी, तेच पाणी, तोच ऊस. त्याच्यात जिद्द कमी होती असं माझ्या तोंडावर म्हणून दाखवा कुणीतरी.

कबूल आहे, पोरांना चार शब्द उमेदीचे लागतात, आणि त्या माणसाच्या मनात काही वाईट नसेल.

पण मग उमेद कशाने येते ते तरी नीट सांगा ना. 'झोंबी'त ते इतकं स्पष्ट लिहिलंय. सौंदलगेकर मास्तर मराठी शिकवायचे, कविता चालीवर गाऊन म्हणायचे. त्यांच्या दारात मालतीचा वेल होता आणि त्या वेलावर त्यांनी कविता केली होती. पोराने वेलही पाहिला आणि कविताही वाचली. तेव्हा त्याला कळलं की कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो आणि आपल्या दारातल्या गोष्टीवर कविता होऊ शकते. मग हा गडी म्हशी राखता राखता कविता करायला लागला. कागद जवळ नसला की काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी ओढायच्या, नाहीतर खड्याने दगडावर लिहायच्या. आधी पिकाला पाणी पाजताना एकटेपणा खायला उठायचा, नंतर तोच हवासा वाटायला लागला, कारण एकटं असलं की मोठ्याने गाता येतं. हे एका मास्तराने केलं. हे श्रेय गरिबीला कसं काय देता?

भाचीच्या वहीत प्रश्न आहे, 'कथेतील प्रतीके ओळखा'. गाईडमधून उतरवलेलं उत्तर पाहिलं. म्हैस म्हणजे कष्ट, दिवा म्हणजे ज्ञान, वाट म्हणजे संघर्ष. अरे, म्हैस आधी म्हैस आहे! तिला वैरण लागते, ती पाण्यात बसली की उठत नाही, तिच्यापायी शाळेची घंटा चुकते. हे सगळं अंगावर आल्याशिवाय तिचं प्रतीक करायला बसलं की पोरांच्या हातात नुसता कोरडा शब्द उरतो. 'झोंबी'त पोराची वर्गात टिंगल होते तेव्हा तो आईच्या मागे लागून टोपी आणि नाडीच्या दोन चड्ड्या घेतो, मळखाऊ रंगाच्या. मळखाऊ! त्या रंगात अख्खं घर दिसतं. साबण किती, पाणी किती, कपडे धुवायला सवड किती, आणि चारचौघांत बसायची पोराची धडपड किती. गाईडमध्ये ह्या चड्ड्या कधीच येणार नाहीत.

अण्णाची आठवीतली कंपासपेटी अजून आहे. झाकणावरचा रंग उडालाय, आत फ्यूजच्या तारा, दोन वायसर आणि टेस्टर. कर्कटक त्याने चपलेला भोक पाडायला ठेवलाय. कुणी लेखक असता तर ह्या पेटीवर पानभर लिहून वाचकाला रडवलं असतं. अण्णाला विचारलं तर तो म्हणेल, तारा ओल्या होत नाहीत तिच्यात. मला दोन्ही खरं वाटतं, आणि आधी त्याचं.

आणखी एक. असे पाहुणे 'कोसला'चं नाव कधी घेत नाहीत. 1963 सालची, भालचंद्र नेमाडेंची कादंबरी. पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला जातो, नापास होतो, गावाकडे परत येतो. मधे धाकटी बहीण जाते. शेवटी ना पदवी, ना हारतुरे. पण मोठं होणं त्याही पोराचं आहे. जो हरून घरी आला त्याची गोष्टही पोरांना सांगायला हवी, नाहीतर वर्गातल्या निम्म्या पोरांना वाटतं की आपण गोष्टीतलेच नाही.

घरी येताना अण्णाला विचारलं, भाषण कसं वाटलं. म्हणाला, "चांगलं बोलला की माणूस." त्याला राग आलाच नाही. तिथे मला काही बोलता आलं नाही. ज्याचं शिक्षण सुटलं त्यानेच टाळ्या वाजवायच्या, आणि वर आपण कमी पडलो असं मनात धरून झोपायचं. मी ते आता सहन करणार नाही, एवढं मात्र नक्की.

माझ्या मित्रयादीत शिक्षक पुष्कळ आहेत, तुम्हाला हे पटवायची गरज नाही. एकच मागते. 'झोंबी' शिकवाल, वाचून दाखवाल, तेव्हा वाड्यावरची ती रात्र गाळू नका. आणि ह्या वर्षी तुमच्या वर्गातून कुणाचं नाव कमी झालं असेल, कुणी ऊसतोडीला गेलं असेल, तर एकदा त्याच्या घरी जा. दहावी बाहेरून देता येते, सतरा नंबरचा फॉर्म भरून. हे पुष्कळ घरांत कुणाला माहीतच नसतं. आमच्याही घरी नव्हतं. मुदत निघून जायच्या आत सांगा त्यांना.