‘नागिन’मधली बीन मूग सिंथेसायझरवर वाजलेली नाही

‘नागिन’ सिनेमातली बीन मूग सिंथेसायझरवर, म्हणजे विजेने सूर तयार करणाऱ्या वाद्यावर वाजवली, असा मेसेज फिरतोय, आमच्या दादरच्या ग्रुपवर तर तीनदा येऊन गेला. साफ चूक. सिनेमा १९५४चा आणि मूगचा पहिला नमुना १९६४चा. दहा वर्षं आधी कुठून येणार?

ते वाद्य क्लॅव्हिओलिन, पट्ट्यांचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. फ्रान्सच्या कॉन्स्टँ मार्टिनने १९४७मध्ये केलेलं, व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांवर चालणारं. संगीत हेमंतकुमारांचं, वाजवलं कल्याणजींनी. एका वेळी एकच सूर, आणि आवाज कमीजास्त करायला गुडघ्याने सरकवायची दांडी. बीनची फुंक ऐकू येते ना, त्यात या दांडीचा मोठा वाटा. बाकी करामत बोटांची.

मेसेजची शेवटची ओळ मात्र धोक्याची आहे: ‘असं जुनं वाद्य मिळालं तर आधी प्लग लावून बघा.’ अजिबात नको! आतले कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे भाग) वाळलेले असतात, शॉर्ट झाले की ट्रान्सफॉर्मरही जातो. गेल्या पावसाळ्यात मी असंच एक व्हॉल्व्हचं वाद्य उघडलं. पट्ट्यांखालचे कॉन्टॅक्ट हिरवे पडलेले, कपॅसिटरमधून मेण ओघळून थिजलेलं. आपली खारी हवा, दुसरं काय. कपॅसिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. ते आधी बदला, वाद्य किती व्होल्टचं आहे ते तपासा, मग वीज.