कोशिंबिरीचं बिल

घरी वाईन करायला घेतली की दुसऱ्याच्या लघवीच्या तपासणीचे पैसे आपल्याला भरावे लागतात, हे कुठल्याच रेसिपीत लिहिलेलं नसतं. माझे परवा तीनशे चाळीस रुपये गेले.

झालं असं की गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये बीट लावलं होतं, ते आलं भरमसाट आणि घरात कोणी खाईना. इंग्लंडात लोक पार्सनिप, बीट, रुबार्ब, हाताला लागेल त्याची वाईन करतात, म्हटलं आपणही करू. बीट उकळायचं, पाणी गाळायचं, साखर, लिंबू, गार झालं की यीस्ट. बरणीच्या झाकणातून नळी काढून तिचं दुसरं टोक पाण्यात बुडवायचं, म्हणजे आतला गॅस बाहेर पडतो पण हवा आत जात नाही. रात्रभर गुडुक, गुडुक. बायको म्हणाली, हॉलमध्ये कुणाला तरी सलाईन लावल्यासारखं वाटतंय.

उरलं उकडलेलं बीट. ते टाकवेना, म्हणून दही, दाण्याचं कूट, वरून हिंग-मिरचीची फोडणी, आणि डबा भरून कोशिंबीर खालच्या सेक्रेटरी काकांकडे पाठवली. शेजारधर्म!

सकाळी सव्वासहाला बेल. काका, कानटोपी, हातात आमचाच डबा, न धुतलेला.

"तुमच्या त्या उद्योगाचा मला त्रास झालाय."

"कसला त्रास?"

आवाज एकदम खाली. "लाल झाली."

"काय लाल झाली?"

"अहो, सगळं काय जिन्यात उभं राहून बोलायचं?"

मग माझी ट्यूब पेटली. म्हटलं काका, तुम्ही वाईनचा थेंबही घेतलेला नाही, कोशिंबीर खाल्लीत, बीटाचा रंग काही जणांच्या अंगात मोडत नाही, तसाच बाहेर पडतो, काळजीचं कारण नाही.

"एकाहत्तर वर्षं बीट खातोय मी."

"अंगात लोह कमी असलं की जास्त होतं हे."

"लोह कमी? माझ्यात? रोज पर्वती चढतो मी! तुम्ही चढून दाखवा." इथून गाडी माझ्या पोटाकडे वळली, तिथून पार्किंगमधल्या माझ्या स्कूटरकडे, आणि शेवटी कायद्यावर आली. "१९४९ चा दारूबंदी कायदा आहे आपल्याकडे. लायसन नसताना दारू गाळणं गुन्हा आहे."

"गाळत नाहीये काका, आंबवतोय."

"ते पोलिसांना सांगा." मग दारातूनच आत मान घालून बरणीकडे बघत, "तयार कधी होणार?"

"वर्षभर तरी ठेवावी लागते."

"वर्षभर!" इतका दुखावलेला चेहरा मी त्यांचा सोसायटीचं पाणी बंद झालं तेव्हाही पाहिला नव्हता.

दुपारी रिपोर्ट आला, नॉर्मल. सोबत लॅबचं बिल, मागे पेनने 'कोशिंबिरीमुळे' असं लिहिलेलं. बायकोने देऊन टाकले, म्हणे वाद नको. वाद नको काय! उद्या माझी मिसळ खाऊन कुणाला ठसका लागला तर एक्स-रे काढून द्यायचा का?

बरं, कायदा आहे, मान्य. प्यायलासुद्धा परवाना लागतो इथे. पण २०२२ मध्ये सरकारने सुपरमार्केटात वाईन विकायचं ठरवलं तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हेच म्हणून मोठमोठे लोक टीव्हीवर सांगत होते, ती नाशिकची द्राक्षं असली की शेतकऱ्याचं भलं आणि माझं बादलीतलं बीट असलं की गुन्हा. आणि इतकं सोसून ती चाखली तर मातीचा वास. जिओस्मिन म्हणतात त्याला, पहिल्या पावसात येतो तो वासही त्याचाच, लोक त्यावर कविता करतात. त्यांना एक एक ग्लास पाजला पाहिजे.

काल खाली बोर्डावर नोटीस लागली, 'सदनिकांमध्ये कोणतेही पदार्थ आंबवू नयेत. हुकुमावरून.' पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी ग्रुपवर लगेच विचारलं, इडलीचं पीठ यात धरायचं का. त्यावर काकांचं उत्तर, "विषय मीटिंगमध्ये घेऊ. ज्यांच्यामुळे हे उद्भवलं त्यांनी चहाचा खर्च करावा."