शाल-श्रीफळ मिळेपर्यंत फॉर्म भरून झालेला असतो

सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षी निधी जमवला. पैसे जमले आणि लगेच ग्रुपवर भांडणं सुरू झाली. एका गटाचं म्हणणं, बारावीच्या पहिल्या पाच-सहा जणांनाच भरघोस शिष्यवृत्ती द्या, त्यातला एखादा आयआयटीत गेला तर शाळेचं नाव होईल. दुसऱ्या गटाला वाड्यावस्त्यांवरच्या पोरांची राहण्या-जेवणाची सोय हवी. तिसरा गट नेहमीचा: गणपती झाले की गुणगौरव समारंभ, शाल-श्रीफळ, पाकीट, पाहुणे आम्ही आणतो. या गदारोळात एकाने माझ्याकडे बोट दाखवलं. "तुमच्या अमेरिकेत कसं, पोरगं हुशार असलं की हार्वर्ड फुकट. वशिला नाही की काही नाही. सांग की जरा."

मी मिशिगनमध्ये राहते, हार्वर्डच्या आसपासही नाही. पण सांगते.

आधी वशिल्याचं. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये हार्वर्ड, येल, स्टॅनफर्डसारख्या अगदी वरच्या बारा विद्यापीठांचा हिशोब मांडला. एसएटीचे (इकडच्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे) गुण सारखेच असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलाने तिथं शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त निघाली. आईबाप त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी असले तर झुकतं माप, महागड्या खेळांतल्या खेळाडूंना झुकतं माप, खासगी शाळांतून येणाऱ्या शिफारसपत्रांना झुकतं माप. आपल्याकडे याला वशिला म्हणतात, इकडे त्याचं धोरण होतं, एवढाच फरक.

'फुकट' मात्र बऱ्यापैकी खरं आहे, आणि खरी गंमत तिथंच आहे. श्रीमंत विद्यापीठांकडे इतका पैसा आहे की गरीब घरातल्या मुलाला ती गावाजवळच्या साध्या कॉलेजपेक्षाही स्वस्त पडू शकतात. तरी मुलं तिकडे फिरकत नव्हती. कॅरोलाइन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी यांनी दहाएक वर्षांपूर्वी दाखवून दिलं की उत्तम गुण असलेली बहुसंख्य गरीब मुलं अशा कॉलेजांत अर्जसुद्धा करत नाहीत. जाहीर फीचा आकडा बघूनच पोरं मागे सरतात. सवलत नंतर कळते, तीही अर्ज केला, आईबापांच्या उत्पन्नाचे कागद जोडले, प्रवेश मिळाला, तर.

यावर मिशिगन विद्यापीठाने २०१५ पासून एक प्रयोग केला. राज्यातल्या सरकारी शाळांमधली हुशार आणि गरीब मुलं शोधून काढली आणि त्यांतल्या निम्म्यांच्या घरी विद्यापीठाच्या निळ्या-पिवळ्या रंगांतलं मोठं पाकीट पाठवलं. पालकांना वेगळं पत्र, मुख्याध्यापकांना वेगळं. मजकूर एवढाच: तू अर्ज कर, प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, उत्पन्नाचे कागद मागणार नाही. पाकीट न मिळालेल्या मुलांपैकी २६ टक्क्यांनी अर्ज केला, पाकीट मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे १३ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. आणि यातल्या बहुतेकांना एरवीही जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. विद्यापीठाने फारसा जादा पैसा ओतला नाही. नंतर कळणार होतं ते आधी सांगितलं, 'बघू' ऐवजी 'देतो' म्हटलं.

हे वाचलं तेव्हा मला रहिमतपूरची भाची आठवली, मावसभावाची पोरगी. सीईटीला मार्क असे की पुण्याच्या सीओईपीत, म्हणजे तिथल्या जुन्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात, संगणक नाही, पण सिव्हिल किंवा मेटलर्जी मिळण्यासारखी होती. कॅप फेरीचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीचा, विकल्प अर्ज (पसंतीच्या कॉलेजांची यादी) भरताना तिने मला व्हिडिओ कॉल लावला. यादीत पहिलं नाव घरापासून एसटीने जाऊन-येऊन करण्यासारख्या एका खासगी कॉलेजचं. सीओईपी कुठं आहे म्हटलं, तर यादीतच नव्हती. वहिनी मागून म्हणाल्या, "ताई, पुण्यात फी एक वेळ माफ हुईल, पर राह्यचं कुठं आन खायाचं काय?" पोरगी गप्प. मग हळूच म्हणाली, "आत्या, लिहिलं आणि नंबर लागला तर नाही म्हणावं लागेल. त्यापेक्षा नकोच."

मिशिगनच्या गावखेड्यातली मुलं अर्ज करत नव्हती ती याच हिशोबाने. नाही म्हणण्याची वेळ येऊ नये म्हणून हो म्हणण्याची संधीच मागायची नाही. यादीत नाव नसल्यामुळे ही पोरगी कुठल्याच आकडेवारीत 'नाकारलेली' म्हणून दिसत नाही.

कुणी म्हणेल, सरकारी योजना कमी आहेत का? नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातींच्या मुलांच्या राहण्या-जेवणासाठी स्वाधार योजना आहे. २०२४-२५ पासून तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. हा निर्णय मोठा आहे आणि त्याला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण भत्त्याचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा तो प्रवेश झाल्यावर, आणि पैसे खात्यावर येतात ते वर्ष बरंच पुढे सरकल्यावर. मेसवाला पहिल्या तारखेला मागतो. रूमचं डिपॉझिट तर सामान आत ठेवायच्या आधीच लागतं. फीमाफीचे पैसे सरकारकडून उशिरा येतात म्हणून 'आत्ता भरा, नंतर परत देऊ' सांगणारी कॉलेजं आहेत, हे ज्याचं पोरगं शिकतंय त्याला सांगायला नको.

२०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. जागा पक्की करायला १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत आणि जागा गेली. ती परत मिळायला सर्वोच्च न्यायालयाला घटनेचं कलम १४२, म्हणजे पूर्ण न्यायासाठी आदेश देण्याचा आपला खास अधिकार, वापरावा लागला. १७,५०० रुपयांसाठी कलम १४२! त्या मुलाचा पुढे सत्कार करणारे शेकड्यांनी मिळाले असतील. त्या दिवशी दुपारी त्याला एक माणूस हवा होता.

साताऱ्याला हे नवीन वाटायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. शिष्यवृत्तीच्या रकमा वाटत ते बसले नाहीत. आधी पोरांच्या राहण्याचं आणि भाकरीचं बघितलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. पोरं उपाशी राहायची वेळ आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. भाऊरावांना अडचण कुठं आहे ते नेमकं कळलं होतं. वहिनींचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचाच आहे, फक्त भाऊरावांचं बोर्डिंग होतं त्या धननीच्या बागेऐवजी आता शिवाजीनगरची कॉट बेसिसची रूम आहे.

आणखी एक सातारकर. १९०० साली साताऱ्यातल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा आंबेडकर नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी, परत आल्यावर बडोद्यात दहा वर्षं नोकरी करण्याच्या करारावर. रक्कम, मुदत, अट, सगळं बोटीत बसण्याआधी कागदावर. मुदत संपल्यावर लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं, हेही तितकंच खरं. पण निघताना हातात काय आहे ते ठाऊक होतं.

ग्रुपवरचा आमचा एक मित्र म्हणतो, फुकटचं पचत नाही, भाऊरावांनीसुद्धा 'कमवा आणि शिका' सांगितलं. सांगितलं की. पण तिथं काम संस्थेने दिलं होतं आणि कामाच्या बदल्यात शिक्षण पक्कं होतं. आज इंजिनिअरिंगच्या पोराला 'कमवून शीक' म्हणायचं आणि काम त्याचं त्याने रात्री फूड डिलिव्हरीच्या बाइकवर शोधायचं, यात भाऊरावांचं नाव घेऊ नये.

अमेरिकेची एक गोष्ट मात्र उचलू नका. इथं चांगल्या शिष्यवृत्त्यांसाठी मुलांना निबंध लिहावे लागतात, आणि गरीब पोरांना लवकरच उमगतं की आपलं दुःख नीट मांडलं तर दार उघडतं. बापाची नोकरी गेली, आई आजारी, मी भावंडांना सांभाळलं. सतराव्या वर्षी स्वतःच्या घराची अशी मांडणी करायची. आपला गुणगौरव समारंभ काही वेगळा नाही. सूत्रसंचालक माइकवर सांगतो, 'वडील हमाली करतात', टाळ्या पडतात, आईला स्टेजवर बोलावतात, ती पदर सावरत फोटोला उभी राहते. पाकिटात पाच हजार. तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपलेल्या.

तेव्हा माझं मत असं: पहिल्या पाच-सहांची भानगड सोडा आणि समारंभही सोडा. डिसेंबरात, बारावीची परीक्षा व्हायच्या आधी, ज्या घरांची परिस्थिती वर्गशिक्षकांना माहीतच आहे त्या घरी शाळेच्या लेटरहेडवर एक पत्र जाऊ दे. सीईटीत अमुक पर्सेंटाइलच्या वर गेलीस आणि सरकारी कॉलेजात नंबर लागला, तर पहिल्या सहा महिन्यांची रूम, मेस आणि डिपॉझिट आमच्याकडे. सरकारी भत्ता आला की पुढचं बघू. तहसीलदाराचा दाखला नंतर आण. पत्र पोरीच्या नावाने, आणि दुसरं तिच्या आईच्या नावाने.

निधीतून आठ जणांचंच भागणार असेल तर आठच पत्रं पाठवा. वीस पाठवून बारा जणांची समजूत काढत बसायचं, हे आमच्या ग्रुपला नक्की सुचेल, म्हणून आधीच लिहून ठेवते. राहता राहिला पाहुण्यांचा प्रश्न. ज्यांना हार घालायचाच आहे त्यांनी कॅप फेऱ्यांच्या दिवसांत रहिमतपूर आणि कोरेगावच्या सेतू केंद्रांबाहेर दोन दिवस टेबल टाकून बसावं, पोरांचे विकल्प अर्ज बघावेत आणि प्रत्येकाला विचारावं, पुण्या-मुंबईचं नाव यादीत का नाही?