ब्रेक दाबला की मान डोलते

गाडीला नवे ब्रेक बसवून घेतल्यावर निदान वर्षभर तरी ब्रेक या विषयाचा विचार करावा लागू नये, अशी माझी अपेक्षा होती आणि ती अवाजवी होती असे मला आजही वाटत नाही. पुढच्या दोन्ही डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या, नव्या होत्या, त्यांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे पॅड नवे होते आणि बिलही त्या नवेपणाला शोभेल असेच होते. काही महिने गाडी अगदी अलगद थांबत होती. मग ताम्हिणी घाट उतरताना ब्रेकच्या पेडलने माझ्या तळपायाला खालून ठोके द्यायला सुरुवात केली. वेग उतरेल तसे ठोके सावकाश होत आणि स्टिअरिंगही त्याच तालात थरथरे. ब्रेकवरून पाय उचलला, की मात्र गाडी अशी निमूट धावे, जणू बिघाड माझ्या पायातच असावा.

ज्या गॅरेजने हे काम केले होते, तेथील मिस्त्रींनी गाडी समोरच्या गल्लीतून, वाटेत झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून, ताशी वीसच्या वेगाने फिरवून आणली आणि "काही जाणवत नाही, साहेब," असा निकाल दिला. साठ-सत्तरच्या वेगात ब्रेक दाबल्याशिवाय हा ठोका नीट कळत नाही, असे मी म्हणताच "मग एवढी पळवायची कशाला?" असा बिनतोड सवाल आला. त्यानंतर, "एबीएसची गाडी आहे, तसं वाटतंच," असे निदान झाले. एबीएसमुळे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे, पेडल थरथरते हे खरे. परंतु ते चाक जाम होऊन घसरू लागल्यावर. कोरड्या रस्त्यावर सिग्नलला हलकेच थांबणाऱ्या गाडीत एबीएसला मध्ये पडण्याचे काही कारण नसते. मग अलाइनमेंट-बॅलन्सिंगचा, म्हणजे चाकांची दिशा आणि तोल नीट करून घेण्याचा, सल्ला मिळाला. आपल्याकडे गाडीला काहीही झाले तरी आधी अलाइनमेंट करून घेण्याची प्रथा आहे. चाकाचा तोल गेला असता, तर ब्रेक न दाबताही ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरले असते, हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी "डिस्क बेंड झालीय, गरम असताना पाणी उडालं असणार," असे सांगून सगळा दोष पावसावर ढकलला.

शेजारचे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि दुसऱ्याच्या मताला मान हलवणे त्यांच्या स्वभावात नाही. दोष मागच्या चाकांच्या ब्रेकच्या ड्रममध्ये आहे, यावर ते ठाम होते. त्याची परीक्षा सोपी आहे, कारण हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात असताना, हँडब्रेकचे बटण दाबून धरूनच, दांडा हळूहळू ओढायचा. ड्रम वाकडा असेल, तर गाडी हिसके देते. गाडीने एकही हिसका दिला नाही. "म्हणजे दोष पुढच्याच चाकांत आहे, अण्णा," असे म्हणत मी पायाचा ब्रेक दाबला आणि गाडी थांबेपर्यंत अण्णांची मान वर-खाली होत राहिली. आमच्या सोसायटीच्या इतिहासात अण्णांनी कोणाला दिलेली ही पहिलीच संमती असावी.

अखेर एक वयस्कर मिस्त्री भेटले. ते बोलत कमी होते आणि मोजत जास्त होते. त्यांनी चाक उतरवले, नट उलटे लावून डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागावर, घट्ट आवळली, बारीक हेलकावा काट्याने दाखवणाऱ्या डायल गेजचे टोक तिच्या कडेच्या जरा आत टेकवले आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा 0.12 मिलिमीटर हलला, साधारणपणे 0.05 च्या आसपासच मर्यादा मानतात. मग त्यांनी डिस्क काढून मला हब दाखवले. त्याच्या तोंडावर गंजाची खपली तशीच होती आणि नवी डिस्क तिच्यावरच बसवली गेली होती. डिस्क वाकलेली नव्हती, बसली मात्र तिरकी होती. त्यामुळे ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्यात तिचा तोच भाग पॅडला घासून जात होता आणि काही हजार किलोमीटरनंतर तेथे ती झिजून पातळ झाली होती. मायक्रोमीटरने मोजल्यावर जाडीत 0.02 मिलिमीटरचा फरक निघाला. जाड-पातळ भाग आळीपाळीने पॅडमधून गेला, की एवढ्याने पेडल उसळते, आणि पहिले काही महिने सारे सुरळीत का होते, त्याचेही उत्तर यातच होते.

हब घासून स्वच्छ केले. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या वर अजून पुरेसा माल शिल्लक होता, म्हणून ती लेथवर फेस करून, म्हणजे तासून सपाट करून, घेतली. पुन्हा बसवून गेज लावले, तेव्हा काटा 0.03 वर थांबला. चाकाचे नटही त्यांनी एअर गनने न आवळता, ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या टॉर्क पान्याने, समोरासमोरचे क्रमाने घेऊन आवळले, कारण कमी-जास्त आवळलेले नटही डिस्कला तिरके ओढतात.

पेडल आता स्थिर आहे. एवढ्या तपासाचा निष्कर्ष पहिल्या गॅरेजला कळवणे मला कर्तव्य वाटले, म्हणून मुद्दाम जाऊन गंज, काटा आणि शतांश मिलिमीटर असे सर्व सविस्तर सांगितले. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवून सगळे ऐकून घेतले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे आम्ही टाकलेली डिस्क चांगलीच होती की, साहेब! आता आलाच आहात, तर अलाइनमेंट करून टाकू."