टी मागितला, टी दिला, मग भांडण कसलं?

परवा भाचीचा मेसेज आला: ‘मामा, एरर गेला, पण शिल्लक उलटी येतेय.’ खाली एक पोस्ट चिकटवलेली. ओकॅमल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांमध्ये बरेच दिवस फिरतेय तीच. मी ती तीन-चारदा बघून सोडून दिली होती. आता घरातच शिरली म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

पोस्ट थोडक्यात अशी. ओकॅमलचा कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम, कधीकधी म्हणतो, ‘इथे टी टाइप (माहितीचा प्रकार) हवा होता, तुम्ही टी दिलात.’ पोस्टकर्त्याच्या मते हा कंपायलरचा बग आहे, कारण दोन व्याख्या अक्षरशः सारख्या असल्या की टाइप एकच. उपाय म्हणून ऑब्ज डॉट मॅजिक, म्हणजे टाइपची तपासणी टाळणारं फंक्शन, लावा, ‘डेटा तोच राहतो, फक्त कंपायलर गप्प बसतो.’ नाहीतर बिल्डचं, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइल्सचं, फोल्डर उडवा. फंक्टरच्या (कोडचा एक गठ्ठा, म्हणजे मॉड्यूल, घेऊन दुसरा बनवणाऱ्या साच्याच्या) वाटेला जाऊ नका, ते दर वेळी नवा टाइप काढतात. आणि हॅस्केल या दुसऱ्या भाषेवाल्यांना हा ताप नसतो म्हणे.

मॅजिकपासून सुरुवात करतो, कारण खरं नुकसान तिथे आहे.

भाचीच्या प्रोग्रामात हिशेबाचं एक मॉड्यूल आहे. त्यात ‘प्रकार’ नावाचा टाइप: जमा किंवा नावे. अहवालाच्या फाइलमध्ये तिने हीच व्याख्या पुन्हा लिहिली. कॉपी केली असती तर निदान क्रम तरी राहिला असता, पण लिहिली आठवणीतून, आणि झालं नावे किंवा जमा. कंपायलरने बरोबर अडवलं: मला हिशेबातला प्रकार हवाय, हा इथला आहे. बाईंनी पोस्टमधला मंत्र टाकला. एरर गेला.

आता आत काय झालं ते बघा. जमा, नावे अशा प्रत्येक पर्यायाला कन्स्ट्रक्टर म्हणतात. ज्या कन्स्ट्रक्टरसोबत काही माहिती जात नाही, त्याचं नाव चालत्या प्रोग्रामात उरतच नाही. व्याख्येतल्या क्रमाने पहिल्याचा ०, दुसऱ्याचा १, एवढंच उरतं. हिशेबात ० म्हणजे जमा. अहवालात ० म्हणजे नावे. मॅजिकने तो ० जसाच्या तसा पलीकडे सरकवला आणि प्रत्येक जमा रक्कम नावे पडली. ना क्रॅश, ना वॉर्निंग. ‘डेटा तोच राहतो’ हे पोस्टमधलं वाक्य तसं खरंच आहे. बिट तेच राहिले. फक्त हिशेब उलटा झाला.

क्रम सारखा असता तर? तर आज चाललं असतं, आणि कुणी एका फाइलमध्ये वरच्या बाजूला तिसरा कन्स्ट्रक्टर घातला त्या दिवशी बोंब झाली असती. तीही मूक बोंब.

रेकॉर्डला, म्हणजे नाव दिलेल्या फील्डच्या गटाला, तरी चालेल असं वाटत असेल तर एक्स आणि वाय असे दोनच फ्लोट (दशांश आकडे) असलेला रेकॉर्ड घ्या. सगळी फील्ड फ्लोट असली की ओकॅमल ते आकडे रेकॉर्डच्या ब्लॉकमध्येच सलग ठेवतो. दोन फ्लोटच्या जोडीत, म्हणजे टपलमध्ये, मात्र आकडे नसतात, त्यांचे पत्ते असतात. आता मॅजिकने रेकॉर्डची जोडी करा आणि पहिला घटक वापरायला जा. १.० या आकड्याचे बिट पत्ता समजून प्रोग्राम मेमरीत नको तिथे हात घालतो आणि सेगमेंटेशन फॉल्टने जागीच आडवा होतो. कागदावर दोघांतही फ्लोटच आहेत. प्रमाणित लायब्ररीच्या दस्तऐवजात ऑब्ज मॉड्यूलची ओळख दीड ओळीची आहे: हे अंतर्गत मांडणीवरचे व्यवहार आहेत, सहज वापरणाऱ्यासाठी नाहीत. ज्यांनी भाषा लिहिली त्यांनीच दारावर पाटी लावलीय. पोस्टकर्ता त्याच दाराची किल्ली नवशिक्यांना वाटत सुटलाय.

म्हणजे ‘सारखी रचना, एकच टाइप’ हा दावाही इथेच मिटला. ओकॅमलमध्ये रेकॉर्ड आणि साध्या व्हेरिएंटची (‘जमा किंवा नावे’सारख्या पर्यायांच्या टाइपची) प्रत्येक व्याख्या नवा टाइप जन्माला घालते. तो ओळखला जातो कुठे जन्मला यावरून, दिसतो कसा यावरून नाही. जुळ्या भावांचा पासपोर्ट एक नसतो. आता एक गोष्ट कबूल करावी लागते: ऑब्जेक्ट आणि पॉलिमॉर्फिक व्हेरिएंट (आधी व्याख्या न करताही वापरता येणारे पर्याय) यांच्या बाबतीत खरंच रचनाच बघितली जाते. पोस्टकर्त्याने बहुधा तेवढंच वाचलं आणि सगळीकडे लावलं.

एररची भाषा वाईट होती, हेही मान्य. ‘टी हवा, टी दिला’ वाचून कुणाचंही डोकं फिरेल. हल्लीचा कंपायलर अशा वेळी टी/२ असा आकडा लावून फरक दाखवतो, आणि टॉपलेव्हलमध्ये, म्हणजे कोड तुकड्यातुकड्याने चालवून बघायच्या खिडकीत, हा टाइप एकाच सत्रात अनेकदा व्याख्यायित झालाय असंही सांगतो. फाइलचा अर्धाच तुकडा परत पेस्ट केला की हे हमखास होतं: टाइप नवा, त्यावर चालणारं फंक्शन मात्र जुन्यालाच धरून बसलेलं. फंक्शनही परत पेस्ट करा, काम झालं.

फंक्टरचं तर उलटंच सांगितलंय. ओकॅमलचे साधे फंक्टर दर वेळी नवा टाइप काढत नाहीत. ओकॅमलच्या कर्त्यांपैकी एक, झाव्हिए लरॉय, यांचा १९९५ चा निबंध याच विषयावर आहे. सेट डॉट मेक हा संच बनवणारा फंक्टर स्ट्रिंग मॉड्यूलला दोन फाइल्समध्ये वेगवेगळा लावा, दोन्हीकडचा संच एकाच टाइपचा निघतो. अडतं कधी, तर कंसात तिथल्या तिथे बिननावी मॉड्यूल (स्ट्रक्ट) लिहून दिलं तर. त्याला नावच नाही, मग दोन्ही एकच हे कंपायलरने ओळखायचं कशावरून? मॉड्यूलला नाव द्या आणि तेच दोन्हीकडे वापरा. वेगळ्या मॉड्यूलचे संच वेगळे धरले जातात त्यालाही कारण आहे. एक संच कॅपिटल-स्मॉल भेद मानून लावलेला, दुसरा न मानता. त्यांची बेरीज केली तर संच आत ज्या क्रमवार झाडात ठेवलेला असतो त्याचा क्रम मोडतो, आणि आत असलेला शब्द शोधूनही सापडत नाही. ओकॅमलच्या नात्यातल्या स्टँडर्ड एमएल या भाषेबद्दल बोलत असता तर पोस्टकर्ता बरोबर ठरला असता, तिथे फंक्टर दर वेळी नवा टाइप देतात. ओकॅमलमध्ये तसं हवं असेल तर ४.०२ पासून रिकाम्या कंसाची सोय आहे, मागून घ्यावं लागतं.

बिल्डचं फोल्डर उडवणं याने एक आजार बरा होतो: लिंक करताना ‘इंटरफेसबद्दल विसंगत गृहीतकं’ अशी तक्रार आली तर. तिथे जुन्या-नव्या कंपाइल झालेल्या फाइल्सची सरमिसळ असते. दोन व्याख्यांचं भांडण फोल्डर उडवून मिटत नाही, फक्त पुन्हा कंपाइल होईपर्यंत चहा होतो.

हॅस्केलचं एका वाक्यात: एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या प्रोजेक्टमध्ये शिरल्या की तिथेही हेच होतं, फक्त तिथला कंपायलर जीएचसी प्रत्येक टाइप कुठल्या पॅकेजच्या कुठल्या आवृत्तीतला ते लिहून देतो.

भाचीला मी फोनवर एकच ओळ बदलायला लावली. अहवालातली व्याख्या नुसती न लिहिता ‘टाइप प्रकार = हिशेब डॉट प्रकार = नावे | जमा’ अशी लिही म्हटलं. म्हणजे हा टाइप तोच आहे असा दावा कर, आणि खरं-खोटं कंपायलरला तपासू दे. त्याने पहिल्याच कन्स्ट्रक्टरवर बोट ठेवलं. पलीकडून ‘अय्या, मी उलटं लिहिलंय!’ ऐकू आलं. मग तिने ती दुसरी व्याख्या पुसूनच टाकली आणि मॅजिक तीन ठिकाणांहून काढलं. तिसऱ्या ठिकाणी तर त्याची गरजच नव्हती.