एप्रिलमध्ये डुलुथला येणाऱ्यांनी त्या मेसेजवर विसंबू नये

डुलुथ हे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं, लेक सुपीरिअर या सरोवराच्या काठचं आमचं गाव. गेल्या आठवड्यापासून एक मराठी मेसेज फिरतो आहे. ‘लेक सुपीरिअरच्या काठी राहणाऱ्यांसाठी आनंदाची बातमी’ असं वर ठळक अक्षरांत, आणि खाली पाच मुद्दे. एक, ग्राउंडहॉगने, म्हणजे फेब्रुवारीत ज्याच्या सावलीवरून वसंताचं भाकीत करतात त्या प्राण्याने, वसंत लवकर येणार असं सांगितलंय. दोन, सरकारी हवामान खात्याच्या नकाशात उत्तर मिनेसोटा लाल रंगात आहे, म्हणजे थंडी संपली. तीन, मार्च सरला की बर्फ पडत नाही. चार, एवढं मोठं सरोवर गावाला ऊब देतं, त्यामुळे काठावर जड कपड्यांची गरज नाही. पाच, गोठलेल्या सरोवरावर फिरायला मार्च-एप्रिलसारखा काळ नाही, कारण थंडी बोचत नाही आणि माणसाच्या वजनाला चार इंच बर्फ पुरतो. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही.

एरवी असले मेसेज मी वाचतही नाही. हा मात्र सांगलीला माझ्या मामा-मामींपर्यंत पोचला. दोघं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे यायचे आहेत. परवा मामी फोनवर म्हणाल्या, “अगं, स्वेटर-बिटर काढून ठेवले मी बॅगेतून. तिकडे आता उन्हाळाच लागतो म्हणे. त्या जागेत पापड-कुरडया बसल्या.” मामांनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांना दमा आहे. इकडे आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एकाने पाचवा मुद्दा वाचून रविवारी मुलांना सरोवरावर न्यायचा बेत मांडला, आणि खाली भराभर अंगठे उमटले. त्यामुळे मी पाचव्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्या चारांवर विश्वास ठेवला तर माणूस गारठेल, आजारी पडेल. याच्यावर ठेवला तर बुडेल.

चार इंचांचा आकडा कुणी मनाने लिहिलेला नाही, हे मान्य करते. मिनेसोटाचा नैसर्गिक संसाधन विभाग, ज्याला इथे सगळे डीएनआर म्हणतात, त्यांच्या तक्त्यात तो आहे. पण त्याच तक्त्यात लिहिलंय की हा आकडा नव्या, स्वच्छ, काचेसारख्या बर्फासाठी आहे. बर्फ पांढरट असेल तर जाडी दुप्पट धरायची. आणि कुठलाही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो, हे ते दर हिवाळ्यात सांगतात. मेसेज लिहिणाऱ्याने आकडा तेवढा उचलला आणि अट गाळली.

वसंतातल्या बर्फाला हा तक्ता लावताच येत नाही. मार्चमधलं ऊन वर चढलेलं असतं. ते बर्फाच्या आत शिरतं आणि स्फटिकांच्या जोडांवर बर्फ वितळायला लागतो. वरून पाहिलं तर जाडी तेवढीच दिसते, पण आतली पकड सुटलेली असते. आमच्या काठावरच्या पार्क पॉइंटच्या वाळूवर एप्रिलमध्ये वाऱ्याने ढकललेल्या बर्फाच्या लाद्या येऊन पडतात. त्यातली वीतभर जाडीची एखादी लादी उचलून बघा. हाताला घट्ट लागते. जरा दाब दिला की तिच्या बोटाएवढ्या उभ्या कांड्या सुटतात आणि किणकिणत पायाशी पडतात. ही लादी चार इंचांपेक्षा जाड असते, आणि तिच्यावर एक माणूस उभा राहू शकत नाही.

राज्याच्या उत्तर भागात गोठलेल्या तळ्यांवर मासेमारीसाठी उभारलेली खोपटी हलवायची मुदत मार्चचा तिसरा सोमवार असते. त्यानंतर रिकामं खोपटं रात्री बर्फावर ठेवलं तर तो गुन्हा आहे. ज्यांचा अख्खा हिवाळा बर्फावर जातो, त्यांनाही सामान आवरायला सांगतात तो हा काळ. आणि आपल्या मेसेजमध्ये तो सहलीचा हंगाम झाला!

शिवाय सुपीरिअर म्हणजे काही गावातलं तळं नव्हे. छोटं तळं काठोकाठ गोठतं आणि जागच्या जागी राहतं. सुपीरिअरचा बर्फ वारा हलवतो. वारा जमिनीकडून पाण्याकडे फिरला की काठाजवळ भेग पडते, भेगेचं पाणी रुंद होत जातं, आणि तुम्ही उभे असता तो तुकडा आत सरकायला लागतो. बर्फ फूटभर जाड असला तरी त्याचा काही उपयोग नाही. 7 फेब्रुवारी 2009 ला लेक इरीवर हेच झालं होतं. ओहायोच्या काठाजवळ शंभराहून जास्त मासेमार तुटलेल्या बर्फावर अडकले, हेलिकॉप्टर आणि बोटी पाठवून त्यांना काढावं लागलं, आणि एक जण दगावला. ते मुरलेले मासेमार होते आणि महिना फेब्रुवारीचा होता.

पोहता येतं म्हणणाऱ्यांसाठी कॅनडाचे संशोधक गॉर्डन गिझब्रेख्त यांचा एक-दहा-एक हा नियम सांगते. बर्फगार पाण्यात पडल्यावर पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, कारण धाप आवरत नाही आणि त्याच मिनिटात पाणी फुप्फुसात जाऊन माणसं बुडतात. पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय ऐकतात. नंतर बोटं मिटत नाहीत, काठ धरता येत नाही. शुद्ध हरपायला साधारण 1 तास लागतो, पण त्याआधीच सगळं हातातून गेलेलं असतं. हे धडधाकट मोठ्या माणसाचं झालं. रविवारच्या बेतात सहा-सात वर्षांची मुलं आहेत. कुणी पडलेलं दिसलंच तर त्याच्यामागे धावू नका. 911 लावा आणि दोरी, काठी, फांदी, जे हाताशी असेल ते लांबून फेका.

आता चौथा मुद्दा, सरोवराच्या उबेचा. यात अर्धं खरं आहे, आणि त्यामुळेच तो जास्त फसवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरोवर खरंच ऊब देतं. उन्हाळ्यात साठलेली उष्णता पाणी हळूहळू सोडतं, म्हणून टेकडीवर विमानतळाकडे कडक थंडी असते तेव्हा काठावर थोडं सुसह्य असतं. वसंतात हे सगळं उलटं होतं. जमीन लवकर तापते, पाणी तापत नाही.

पाणी सर्वांत जड असतं ते साधारण 4 अंश सेल्सिअसला. सरोवराचं पाणी त्याहून थंड असेपर्यंत उन्हाने वरचा थर जरा गरम झाला की तो जड होऊन खाली जातो आणि खालचं थंड पाणी वर येतं. सुपीरिअरची सरासरी खोली जवळजवळ 150 मीटर आहे, सर्वांत खोल जागी 400 मीटरच्या वर. एवढं पाणी 4 अंशांना येईपर्यंत वरचा थर गरम व्हायचं नाव घेत नाही. त्यात जून उजाडतो. 2014 साली तर जूनच्या सुरुवातीलाही सुपीरिअरवर बर्फ तरंगत होता.

डुलुथ आहे सरोवराच्या अगदी पश्चिम टोकाला. ईशान्येचा वारा सुटला की तो शेकडो किलोमीटर थंडगार पाण्यावरून येतो आणि थेट गावात घुसतो. एप्रिल-मेमध्ये वर टेकडीवर मॉलपाशी ऊन असतं, 18 अंश, लोक जाकीट काढून हिंडतात. तिथून गाडी काढून उतरणीला लागा आणि समोरचा तापमानाचा आकडा बघत राहा. निम्म्या उतारावर धुकं लागतं, आकडा भराभर उतरतो, आणि खाली काठावरच्या कॅनल पार्कला दार उघडलं की 4-5 अंश आणि अंगावर येणारा ओला वारा. इथल्या हवामानाच्या बातम्यांत ‘कूलर बाय द लेक’ हे शब्द वसंतभर ऐकू येतात ते यामुळेच. आमचं घर खालीच आहे. दम्याच्या माणसाने उन्हातून एकदम या हवेत यायचं आणि तेही सुती शर्टावर? मामी, कुरडया काढा आणि स्वेटर परत भरा. कानटोपी, मफलर, वारा अडवेल असं जाकीट आणि मामांचा पंप हातातल्या बॅगेत ठेवा.

मार्चनंतर बर्फ पडत नाही, या तिसऱ्या मुद्द्याला राष्ट्रीय हवामान सेवेच्या डुलुथ कार्यालयाची एकच नोंद पुरे आहे. एप्रिल 2013 मध्ये डुलुथला 50.8 इंच बर्फ पडला. सव्वा मीटरच्या वर, एका महिन्यात. नोंदी ठेवायला लागल्यापासून डुलुथमध्ये कुठल्याही महिन्यात तोवर एवढा बर्फ पडला नव्हता. त्याआधीचा विक्रम 50.1 इंचांचा, नोव्हेंबर 1991 चा, हॅलोवीनच्या प्रसिद्ध वादळाच्या वेळचा. म्हणजे डिसेंबर नाही, जानेवारी नाही, एप्रिल. दरवर्षी असं होत नाही हे खरं, पण एप्रिलमध्ये रस्ते बंद पडावेत इतका बर्फ पडणं इथे कुणाला नवल वाटण्यासारखं नाही.

यावर ग्रुपवर एकाने लिहिलं, “ताई, ते जुनं झालं, आता हवामान बदललंय.” बदललंय, आणि ते मी नाकारत नाही. 2023-24 चा हिवाळा मिनेसोटातला नोंदीतला सर्वांत उबदार ठरला. बर्फच नव्हता म्हणून जॉन बेअरग्रीझ ही कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत त्या वर्षी रद्द करावी लागली. पण त्याच्या आदल्याच वर्षी, 2022-23 मध्ये, डुलुथला 140.1 इंच बर्फ पडला, आणि तो संपूर्ण हंगामाचा विक्रम आहे. लागोपाठच्या दोन वर्षांत दोन टोकं. सरासरी वाढतेय म्हणून यंदाच्या एप्रिलची हमी कुणी देऊ शकत नाही.

ग्राउंडहॉगवर मी फार शब्द खर्च करणार नाही. तो ज्या गावचा, ते पंक्सटॉनी पेनसिल्व्हेनियात आहे, इथून हजाराहून जास्त किलोमीटरवर. 1887 पासून चाललेला तो एक उत्सव आहे. नोआ या सरकारी संस्थेने त्याचे अलीकडचे अंदाज ताडून पाहिले, तर निम्मेही बरोबर निघाले नाहीत. 2019 ला त्याने लवकर वसंत सांगितला, आणि त्याच फेब्रुवारीत मिनिआपोलिसला 39 इंच बर्फ पडून फेब्रुवारीचा विक्रम मोडला. मेसेजला जोडलेला व्हिडिओ तर 2024 चा आहे, मागच्या फलकावर साल दिसतं.

राहिला लाल नकाशा. तो खरा आहे, वाचला मात्र चुकीचा गेलाय. हवामान खात्याचा हा अंदाज तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो आणि तो शक्यतांत सांगतात: सरासरीपेक्षा उबदार, सरासरीइतका, सरासरीपेक्षा थंड. काहीच कल नसेल तर तिघांना प्रत्येकी 33 टक्के. मेसेजमधल्या नकाशात आपल्या भागावर 40 लिहिलंय. म्हणजे उबदार असण्याकडे थोडा कल आहे आणि उरलेले 60 टक्के बाकी दोन शक्यतांचे आहेत. आणि उबदार ठरला तरी तो इथल्या सरासरीच्या तुलनेत. डुलुथच्या एप्रिलमधली सरासरी रात्रच शून्याच्या आसपास असते. दोन अंशांनी उबदार रात्रसुद्धा सांगलीच्या माणसाला थंडीचीच. त्या सरासरीत एक आठवडा 20 अंशांचा आणि एक आठवडा हिमवादळाचा, दोन्ही बसतात. नकाशाला कुठल्या दिवशी काय होईल ते माहीत नसतं आणि तसा त्याचा दावाही नाही.

निघायच्या आठवड्यात बघायचा असतो तो राष्ट्रीय हवामान सेवेचा सात दिवसांचा अंदाज. त्यांच्या संकेतस्थळावर नुसतं डुलुथ टाकून थांबू नका. नकाशावर पार्क पॉइंटवर टिचकी मारा, मग विमानतळावर मारा, आणि दोन आकडे शेजारी ठेवून बघा. कपडे भरायचे ते पार्क पॉइंटच्या आकड्यावरून.